मामाची मांडी

१८ डिसेंबर, बुधवार. कामोठे

पोचलो एकदाचे! दोन पोरं, तीन बॅगा, एक ढकलगाडी — सगळं शाबूत. सईने विमानात दोनदा उलटी केली, स्वराजने अबूधाबीला एका गृहस्थांच्या बुटात दूध ओतलं. गृहस्थ मालवणचे निघाले, हसले, म्हणून वाचले. रोहनला रजा मिळाली नाही. तो तिकडे कॉर्कला घरात पाय पसरून झोपला असेल. पुढच्या वेळी मी घरी आणि तो विमानात!

मुंबईला पासपोर्ट बघणारे साहेब म्हणाले, "मॅडम, हा मुलाचा दिलात. मुलीचा द्या." त्यांची काय चूक? स्वराजचे केस खांद्याखाली आलेत, आणि वेळ जात नाही म्हणून सईने त्याच्या दोन वेण्या घातल्या होत्या. जावळ काढलेलं नाही ना अजून! ते मामाच्या मांडीवर बसवूनच काढायचं, आणि मामा इथे. रोहन दर महिन्याला म्हणायचा, "अगं, कॉर्कमध्ये न्हावी आहेत." असतील. मामा आहे का तिथे?

बाबा बाहेर उभे. ट्रॉली समोर असताना सगळ्यात जड बॅग उचलून खांद्यावर घेतली. "चाकं कशाला? हलकी तर हाय." जन्मभर मार्केटात पोती वाहिली, चाकांवर विश्वासच नाही माणसाचा. सई तोंड उघडं टाकून बघत राहिली.

मामा — आमचा विशू — आला नव्हता. येणार नाही हे माहीत होतं. तरी मी गर्दीत त्याला शोधलंच.

१९ डिसेंबर, गुरुवार

आईचा मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, पाटाला रांगोळी, पाच फळं. स्वराजने त्यातलं सफरचंद उचलून चावलं आणि परत जागेवर ठेवलं. आई म्हणाली, "देवीनंच खाल्लं म्हणायचं." मी हे केलं असतं तर पाठीत धपाटा मिळाला असता! आजी झाल्यावर बायका एवढ्या कशा बदलतात?

घर आहे तसंच आहे. भिंतीला तोच पिस्ता रंग. गॅलरीतल्या जाळीला माझ्या दप्तराचा अडकवलेला पट्टा — आईने त्याला आता लसूण बांधलाय. समोरचं मोकळं मैदान मात्र गेलं. तिथे पावसाळ्यात तळं साचायचं, बगळे यायचे, मी आणि विशू दगड टाकायचो. आता तीन टॉवर. मी सईला गॅलरीतून दाखवायला गेले — "तिथे बघ, तळं होतं." तिने खरंच बघितलं बिचारीने. म्हणाली, "मम्मा, तिथे कार पार्क आहे."

संध्याकाळी आईने विषय काढला. "एकतीस तारखेला पौष लागतुया. त्याच्या आत जावळ उरक बाई. फेब्रुवारीत त्याला चौथं लागंल, मग सम वर्सात काढत न्हाईत." म्हणजे आत्ता नाही तर एकदम पाचव्या वर्षी. तोवर शाळेत वेण्या घालून पाठवू काय?

"विशूला सांगितलंस?" मी विचारलं. आईने बाबांकडे बघितलं. बाबा टीव्ही बघत होते. टीव्ही बंद होता.

२० डिसेंबर, शुक्रवार

एकदा नीट लिहूनच काढते, डोकं शांत होईल.

बाबा तुर्भ्याच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या माथाडी टोळीत. पाटणहून आले तेव्हा कोवळे होते, मिसरूड फुटलेलं नव्हतं. त्या टोळीत बापाची जागा पोराला मिळते. बाबांनी काम सोडलं तेव्हा ती विशूला दिली. अख्ख्या टोळीला पेढे वाटले. नोकरी देतोय असं नव्हतं ते, जमीन नावावर करून द्यावी तसं होतं. विशूने चार वर्षं पोती उचलली. मग एक दिवस कुणाला न विचारता जागा सोडली आणि न्हावा शेवाला कंटेनरचा ट्रेलर चालवायला लागला.

बाबा म्हणाले, "माझ्या पाठीवर मिळवल्याली जागा! निघ घरातनं."

विशू म्हणाला, "निघतो. आता तुम्ही स्वतः बोलवाल तेव्हाच येईन."

झालं. दोन वर्षं. तो जासईला खोली घेऊन राहतो, आई चोरून डबे पाठवते, आणि मी तिकडून फोनवर दोघांच्या मधे उभी. बाप तसा लेक! दोघांच्या जिभेवरून शब्द एकदा सुटला की तो दगडात कोरलेला.

आणि माझ्या पोराला मामाची मांडी हवी आहे. ती या घरात हवी आहे, बाबांच्या समोर. नुसतं केसांचं असतं तर कधीच उरकलं असतं.

२२ डिसेंबर, रविवार

पोरांना आईकडे ठेवून विशूला भेटायला गेले. कळंबोलीला हायवेच्या कडेला चहाची टपरी, तिच्या मागे ट्रेलरांची ही रांग! विशू जाडा झालाय. दाढी ठेवलीय. मला बघून आधी हसला आणि मग उगाच डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करायला लागला. मी तर सरळ रडले. चहावाला म्हणाला, "बिस्कुट देऊ का?"

पिवळ्या केबिनचा त्याचा ट्रेलर दाखवला. आत झालर, गणपती, आणि आरशाला लटकवलेली बाळाची टोपी! स्वराज झाला तेव्हा मी विणून आईला पाठवलेली, जादाची. आईने डब्याबरोबर सरकवली असणार.

मी म्हटलं, विशू, का सोडलीस रे जागा? एकदा मला तरी सांग.

"ताई, तू बाबांची मान नीट बघितलीस कधी? तो गोळा? रोज पोतं मानेवर घेताना मला तोच दिसायचा. मला बाबांचा राग नव्हता. मला ती मान नको होती फक्त."

मी नर्स. रोज परक्यांच्या माना-पाठी चोळते.

मग जावळाचं काढलं. तो एकच म्हणाला, "बाबांनी बोलावलंय का?"

मी म्हटलं, "हो."

"स्वतः?"

"हो रे बाबा, स्वतः! बुधवारी, नाताळची सुट्टी आहे, सकाळी ये."

तोंडातून निघूनच गेलं. त्याचा चेहरा असा काही उजळला की परत घेता येईना. बाबांना आज-उद्याकडे मनवते आणि खोट्याचं खरं करून टाकते, हाय काय नाय काय!

२३ डिसेंबर, सोमवार

बाबा मानेनात.

२४ डिसेंबर, मंगळवार

अजून नाही. सकाळी चहाबरोबर विषय काढला, "मामा लागतो हो बाबा."

"इंद्रजितला बोलीवलाय मी. चुलत मामा बी मामाच."

इंद्रजित आमचा चुलतभाऊ, कोपरखैरण्याला असतो. चांगला आहे. पण त्याच्या मांडीवर स्वतःचंच पोट बसलेलं आहे, स्वराज कुठे बसणार?

दुपारी सई बाबांच्या पाठीवर चढली. मानेवरच्या गोळ्याला बोट लावून, "आजोबा, हे काय आहे?" मी दटावणार होते. बाबा म्हणाले, "ही व्हय? ही कांद्याची बँक." मग दोघांना सांगत बसले — दिवाळीच्या आधी मला आणि विशूला मार्केटात नेऊन पोत्यांच्या मोठ्या काट्यावर बसवायचे. एकीकडे आम्ही दोघं, दुसरीकडे बटाटे. मला आठवतंय! ताग आणि कांद्याचा वास, पायाखाली सालपटं, आणि टोळीतले सगळे काका ओरडायचे, "शहाजीचा माल वाढला रं!" विशू मुद्दाम खिशात दगड भरून यायचा. वजन जास्त भरलं की बाबा फुशारायचे, मला कधीच सांगता आलं नाही की दगड आहेत.

सांगताना बाबा "विशू" म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग लक्षात आलं आणि सईला पाठीवरून खाली उतरवलं.

आज विचारायला हवं होतं, त्याच क्षणी. नाही विचारलं. घाबरले.

२५ डिसेंबर, बुधवार

सगळं विस्कटलं. मीच विस्कटलं.

सकाळपासून घर माणसांनी भरलेलं. कोपऱ्यावरच्या सलूनचे काका पेटी घेऊन हजर. चौरंग मांडला, आईने औक्षणाचं ताट केलं. स्वराज आत न्हाणीघरात, सुमेधा वहिनी — इंद्रजितची बायको — त्याला तेल लावून न्हाऊ घालत होती. तो बोंबलत होता. इंद्रजित चौरंगाशी मांडी घालून बघत होता, जमतेय का.

बेल वाजली. मी धावले, पण दाराशी बाबा होते.

विशू. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी काढलेली. हातात कपड्यांची पिशवी — मामाकडून भाच्याला. वाकला बाबांच्या पाया पडायला.

बाबा मागे सरकले. रागाने नाही, मी बघितलं ना, दचकून! पण तोंडातून आलं ते असं — "ह्याला कुणी बोलावलं?"

विशू तसाच अर्धा वाकलेला. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बाबांकडे नाही, माझ्याकडे. मग पिशवी चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि जिना उतरून गेला. मी अनवाणी खाली पळाले. गेटपर्यंत जाईस्तोवर बाईक निघून गेली होती. वॉचमन म्हणाला, "काय झालं ताई, कायतरी विसरला काय तो?"

वर आले तर सलूनवाले काका कैची धरून बसलेले. बाबा म्हणाले, "इंद्रजित, घे पोराला मांडीवर." मी म्हटलं, नाही! ओरडलेच. माझ्या पोराचा मामा आत्ता जिन्यातून गेला, दुसऱ्या कुणाच्या मांडीवर जावळ होणार नाही. ठेवीन वेण्या! लग्नात मुंडावळ्या वेण्यांवर बांधीन!

काका पेटी उचलून गेले. पुरणपोळ्या सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ल्या. स्वराज तेवढा खूश, केस वाळवत या खोलीतून त्या खोलीत.

२६ डिसेंबर, गुरुवार

आईचा शेवटचा गुरुवार. उद्यापन. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या, "जावळ झालं का हो?" आई म्हणाली, "पोराला जरा सर्दी हाय." स्वराज त्याच वेळी सोफ्यावरून उड्या मारत होता.

विशूचा मेसेज — "ताई, तू खोटं बोललीस. असू दे. पोराला माझा पापा दे."

दिला. रडत रडत दिला, त्याने गाल पुसला.

बाबा जेवले नाहीत. गॅलरीत बसून होते. एकदा मी चहा द्यायला गेले तर म्हणाले, "दाढी काढून आलता." एवढंच. मी म्हटलं, "फोन करा ना त्याला." कपबशी घेतली आणि तोंड फिरवलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मी आयुष्यात बाबांशी इतकं भांडले नव्हते!

सकाळी म्हणाले, स्वराजला मार्केटात नेतो, काट्यावर बसवतो. मला वाटलं, बरं वाटेल त्यांना. सई मागे लागली तर, "तुला उद्या. आज बारक्याचा नंबर." आईनेच स्वराजला तयार केलं. रिक्षात बसताना तो वेण्या उडवत टाटा करत होता.

उन्हं कलल्यावर आले. स्वराज बाबांच्या खांद्यावर झोपलेला, आणि डोकं — टक्कल! चकचकीत गोटा!

मी दारातच ओरडले. कुणी सांगितलं होतं? कुठे काढलेत?

"मार्केटाजवळ. न्हावी हुता रिकामा. उकडत हुतं पोराला."

डिसेंबरात! उकडत होतं! तीन वर्षं मी ते केस सांभाळले. क्रेशमध्ये बायका "काय गोड मुलगी" म्हणायच्या, रोहनची आई फोनवर टोमणे मारायची, सगळं ऐकून घेतलं. मामासाठी. आणि यांनी रस्त्यावरच्या न्हाव्यापुढे बसवलं! वर अंगात विशूने आणलेला तो निळा सदरा. मामा नको, पण मामाचे कपडे चालतात?

"केस कुठे आहेत? निदान केस तरी द्या!"

"पाण्यात सोडलं."

"कुठल्या पाण्यात?"

"असतंय. खाडी न्हाय का."

आणि निघून गेले पाय धुवायला. आईकडे बघितलं, म्हटलं ही तरी बोलेल काही. ती स्वराजच्या टाळूला हळद-तेल लावत बसली. मी म्हटलं, तू पण? तर म्हणे, "निदान शुक्रवार बघून काढलं गं. उद्या शनवार हुता."

रडून डोकं दुखतंय. विशूला कळवलं — बाबांनी जावळ परस्पर उरकलं, मला माफ कर. त्याचं उत्तर — "टेन्शन नको घेऊ ताई. केस परत येतात." बस. त्यालाही काही वाटेनासं झालंय. मीच एक खुळी, मामा-मामा करत समुद्र ओलांडून आलेली.

२८ डिसेंबर, शनिवार

बाबांशी बोलत नाही. तेही बोलत नाहीत. सईला काट्यावर बसवून आणलं, तिचा आनंद गगनात मावेना. तिने खिशात दगड भरले होते.

३१ डिसेंबर, मंगळवार

पौष लागला. आता काही करायचं राहिलं नाही, म्हणून बॅगा भरल्या.

भरताना राग हळूहळू ओसरतो, हे वाईट आहे. आईने मेतकूट, शेवया, भाजणी, आणि रोहनला आवडतात म्हणून तळलेल्या मिरच्या दिल्या. बाबा मागून आले, न बोलता माझ्या बॅगेला सुतळी बांधायला बसले. तीच गाठ — पोत्याच्या तोंडाची. मी पहिल्यांदा नर्सिंगच्या हॉस्टेलला निघाले तेव्हा माझ्या ट्रंकेला त्यांनी हीच गाठ मारली होती. विशू तेव्हा ट्रंकेवर बसून रडत होता, "ताईला नेऊ नका." त्याला उचलून बाजूला करावं लागलं. बाबांनीच उचललं, आणि मग बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

ते दिवस कुठे गेले? या घरात आम्ही चौघं होतो. ताटं मांडताना आई अजून चार काढते आणि एक परत ठेवते. मला वाटलं होतं मी येईन, पोराला मांडीवर देईन, आणि सगळं जागच्या जागी येईल. परदेशात राहून माणूस जरा बावळट होतो. दोन आठवड्यांत माणसं जोडायला येतो.

गाठ फार घट्ट बसली होती. मी म्हटलं, "बाबा, कस्टमवाल्यांना सुटायची नाही."

"सुटती. घाई न्हाय केली की."

चार दिवसांत पहिल्यांदा बोललो.

२ जानेवारी, गुरुवार. विमानतळ

पोरं खुर्चीत झोपलीत. हे आत्ताच लिहायला हवं.

टॅक्सीत बाबा पुढे, आम्ही तिघं मागे. कळंबोलीच्या सिग्नलला शेजारी ट्रेलर येऊन थांबला. पिवळी केबिन, झालर. कुणा दुसऱ्याचाच होता. स्वराज एकदम उठून काचेला चिकटला. "मामा! मामा पों पों!" आणि स्वतःच्या टकलावर हात फिरवून, "मामा कट्टी कट्टी!" कैची चालवल्यासारखी बोटं.

सई म्हणाली, "मम्मा, त्याला कसं माहीत मामाचा ट्रक कसा आहे?"

मी त्याला कधीच दाखवला नव्हता. जासईला तो माझ्याबरोबर कधी गेलाच नव्हता.

"बाबा," मी म्हटलं. "बाबा, तुम्ही त्याच्याकडे गेला होतात?"

बाबा काचेतून सरळ समोर बघत होते. सिग्नल सुटला. ट्रेलर पुढे गेला.

"मांडीवर गप बसलं हुतं," ते म्हणाले. "पोरगं न्हाय रडलं."